पापुद्रा

९ जानेवारी

आज सकाळी अकरा वाजता मी ऐन मध्यरात्रीत उभी होते. हे रोजचंच आहे, पण नव्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते. नाहीतर पुढे कधी वाचताना मलाच वाटायचं, ही बाई काय वाटेल ते सांगते.

विद्यापीठाच्या शेतकी इमारतीत, तळघरात, आमची अंधारखोली आहे. तिथे आम्ही सोयाबीनला फसवतो. बाहेर लख्ख दिवस असताना आत रात्र पाडतो, म्हणजे झाडांच्या रात्रीचं काम आम्हाला दिवसा उरकता येतं. सोयाबीनला फुलायला लांब आणि अखंड रात्र लागते. मधेच कुणी थोडा वेळ दिवा लावला, तरी त्याला वाटतं रात्र झालीच नाही, आणि फुलायचं सोडून ते नुसतं हिरवंगार वाढत बसतं. रस्त्यालगतच्या शेतांत नेमकं हेच होतं. दिव्याच्या खांबाखालची झाडं कापणीला आली तरी कच्चीच. मी असं एखादं वाण शोधतेय, जे दिव्याकडे लक्षच देणार नाही.

आत एक मिणमिणता हिरवा दिवा असतो. झाडांना तो जवळपास जाणवत नाही आणि आम्हाला कुंडीवरचे आकडे जेमतेम दिसतात. झोपलेल्या झाडांची पानं खाली लोंबतात. दुपारी बाहेर पडले की ऊन तोंडावर आपटतं, आणि बराच वेळ कळत नाही की हा आजचाच दिवस आहे की उद्याचा.

उद्या बाबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. झोप येत नाही, येईल असं वाटतही नाही.

१० जानेवारी, सकाळ

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. बाबांना आत नेलं.

बाबा जन्मभर कापड गिरणीच्या रंगखात्यात होते. गिऱ्हाइकानं कापडाचा तुकडा आणून दिला की त्याच्याशी हुबेहूब जुळणारा रंग बनवायचा, हे त्यांचं काम. दीड वर्षापूर्वी एका पिंपाचं झाकण उडालं आणि आतलं सगळं त्यांच्या तोंडावर. डावा डोळा गेलाच. उजव्याचं बुबुळ न्हाणीघराच्या काचेसारखं पांढुरकं झालं. उजेड कळतो, पलीकडचं काही दिसत नाही. दान केलेलं बुबुळ एकदा बसवून पाहिलं, तेही काही दिवसांत पांढरं पडलं. त्याच महिन्यात, बाबा होते त्याच दवाखान्यात, आई गेली. तेव्हापासून बाबा आमच्याकडे.

आज बसवतायत तो पापुद्रा. पापुद्रा माझ्या नवऱ्यानं बनवलाय. तो पदार्थविज्ञानात आहे, आणि पाण्यानं भरलेल्या, काचेसारख्या नितळ थरांच्या मागे इतकी वर्षं लागलाय की सगळं विद्यापीठ त्याला पापुद्रेवाला म्हणतं. मीही म्हणते. त्या थरावर बाबांच्याच गालाच्या आतल्या पेशी वाढवल्या आहेत. माणसाच्या गालानं डोळ्याचं काम करायचं, असा सगळा मामला आहे.

नात्यातलाच पेशंट म्हणून, प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीनं पापुद्रेवाल्याला दवाखान्याच्या या मजल्यावर यायला बंदी घातलीय. बाबांच्या तपासणीचे कागद त्यानं पाहायचे नाहीत, त्याबद्दल डॉक्टरबाईंना विचारायचं नाही. तो खाली सायकलींच्या छपराखाली उभा आहे. खिडकीतून डोकं दिसतंय.

१० जानेवारी, संध्याकाळ

नीट पार पडलं. खाली आल्यावर बाबांनी, डोळ्याला पट्टी, एका हाताशी मी, दुसरा हात हवेत, असं विचारलं, "कुठायत जावईबापू? तुमची काच घालून आलोय. तडा गेला तर बदलून मिळेल ना?"

पापुद्रेवाला खो खो हसला. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, सायकलीचं कुलूप सापडत नसल्यासारखा.

१९ जानेवारी

पट्टी निघाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

बाबा म्हणाले, "उजेड. बाकी दाट धुकं."

त्या म्हणाल्या, इतक्यात घाई नको, सूज ओसरू दे.

बाहेर बाकावर एक बाई विणत बसल्या होत्या. दोन्ही डोळे पांढरे, पण बोटं अशी सरसर चाललेली की मी बघतच राहिले. पापुद्र्याच्या यादीत बाबांच्या पुढचा नंबर त्यांचा. बाबांनी त्यांच्याशी लगेच गट्टी जमवली.

"काय विणताय?"

"ते विणून झाल्यावर कळेल. टाके मोजते, बाकी लोकर जाईल तिकडे जाते."

"रंग कुठला?"

"दुकानदार निळा म्हणाला. खोटं बोलला असेल तर त्याचं तो बघेल."

परतताना बाबा खुशीत होते. मला मात्र 'दाट धुकं' हे दोनच शब्द दिवसभर ऐकू येत राहिले.

२८ जानेवारी

ज्यांना सगळ्यात आधी पापुद्रा बसवला होता, त्यांचा गढूळ झाला. थराखाली पाणी साचलं म्हणे. पापुद्रेवाल्याला आज हे विभागप्रमुखांकडून कळलं. घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

मार्चअखेर समिती बसणार आहे. तोवर दोघांपैकी एकालाही दिसलं नाही, तर प्रयोग थांबवणार. विणणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या मागच्यांना काहीच मिळणार नाही, आणि याची प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाला तरी देतील. म्हणजे सगळा भार बाबांच्या एका डोळ्यावर.

"त्यांना यातलं काही सांगायचं नाही," मी म्हटलं.

"अजिबात नाही. आधीच माणूस दडपणाखाली आहे."

आतल्या खोलीत बाबा रेडिओ ऐकत होते. आवाज मोठा होता.

४ फेब्रुवारी

अंधारखोलीत बसल्या बसल्या झोप लागली. दिवा अमुक वेळी लावून पुन्हा बंद करायचा असतो. यंत्र नादुरुस्त आहे म्हणून हातानंच करतो. मी स्टुलावर बसले, भिंतीला डोकं टेकलं, एवढंच आठवतं.

मग आई आली. कुंड्यांच्या रांगांमधून चालत होती, चपला हातात घेऊन, झाडं उठू नयेत म्हणून. प्रत्येक कुंडीपाशी वाकायची आणि पान उचलून खाली बघायची, भाजी निवडताना बघायची तसं. मी म्हटलं, आई, त्यांना हात लावायचा नसतो. ती म्हणाली, अगं, मी कुठे लावतेय.

माझं संशोधन बघणाऱ्या सरांनी दार उघडलं तेव्हा जागी झाले. सगळा उजेड आत. आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तू शेवटची सुट्टी कधी घेतलीस?"

मी म्हटलं, "आई गेली तेव्हा, दोन दिवस."

ते विचारात पडले. मला कळेना, यात विचार करण्यासारखं काय आहे. बाबा दवाखान्यात होते, दोन दिवसांहून जास्त घेऊन करणार काय?

डोळ्यांतून अधूनमधून पाणी येतं. हिरव्या दिव्याचा त्रास असणार. कधीतरी डॉक्टरबाईंना विचारायला हवं.

११ फेब्रुवारी

आज जेवताना बाबांचा घास हातातच राहिला. ताटावर हात तसाच धरून बसले.

"काय झालं?"

"काही नाही. मीठ कमी आहे."

मी चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं. पापुद्रेवाला म्हणाला, बरोबर आहे. बाबा म्हणाले, "मग माझीच जीभ," आणि मुकाट्यानं जेवले.

वय होतंय त्यांचं.

१५ फेब्रुवारी

बाबांनी आपली जागा बदललीय. आजवर जेवायला खिडकीकडे बसायचे, गालावर ऊन लागतं म्हणून. आता माझ्यासमोर बसतात. म्हणतात, तिकडे वारा लागतो.

मला हे आवडलं. खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ मला विसावा वाटतो. सरांसमोर, पापुद्रेवाल्यासमोर, अगदी दुकानदारासमोरसुद्धा चेहरा करावा लागतो. बाबांसमोर तो प्रश्न नाही. आवाज तेवढा ताब्यात ठेवला की झालं. मग डोळ्यांतलं पाणी येतं तसं येऊ देते, पुसतही नाही, आणि "गिरणीतला तो मुकादम आठवतो का तुम्हाला?" असं काहीबाही बोलत राहते.

तपासणीत: धुकं.

२० फेब्रुवारी

गंमत. सकाळी पापुद्रेवाला मोज्यांचा कप्पा उघडून म्हणाला, "वा, आज सगळे जोड्या लावून! मनावर घेतलंस अखेर."

मी म्हटलं, "मी नाही लावले. तूच लावले असशील आणि विसरला असशील."

"मी? मला आयुष्यात काळा आणि गर्द निळा वेगळा ओळखता आलेला नाही."

काळे वेगळे आणि गर्द निळे वेगळे, असेच लावलेले होते. त्याला हल्ली विसरायला होतंय, बोलायची सोय नाही. समितीचा ताण.

२७ फेब्रुवारी

आज डॉक्टरबाईंनी एक वेगळंच यंत्र वापरलं. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं पिंप. ते डोळ्यासमोर हळूहळू फिरवायचं. मला आत बसू दिलं होतं. बाबा समोर, चेहरा मख्ख.

"काय दिसतंय?"

"धुकं."

त्या पिंप फिरवत राहिल्या आणि बाबांच्या डोळ्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी ते थांबवलं.

बाहेर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पापुद्रा स्वच्छ आहे. डोळा पट्ट्यांच्या मागे जातोय, ते कुणाला आपल्या मर्जीनं थांबवता येत नाही. तरी ते धुकं म्हणतात. कधी कधी डोळा बघतो आणि मन कबूल करत नाही, असंही होतं. घरी कसे आहेत?"

"चांगले आहेत. जरा गप्प असतात."

"आणि तुम्ही?"

"मी ठीक आहे. हिरव्या दिव्यामुळे डोळ्यांतून पाणी येतं एवढंच."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. "डोळे उत्तम आहेत तुमचे," म्हणाल्या. आणि पुढे काही औषध लिहून देतील म्हणून मी थांबले, तर नुसत्याच बघत राहिल्या.

समितीला मात्र पट्ट्या चालत नाहीत. पेशंट काय वाचतो, तेच लिहावं लागतं. हे सगळं पापुद्रेवाल्याला सांगायची मला परवानगी नाही. तो खाली दवाखान्याच्या दाराशी उभा होता. मी मान हलवली, त्यातून त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

६ मार्च

धुकं बाहेरही पडतंय. सकाळी अंधारखोलीकडे जाताना रस्त्यावरचे दिवे अजून चालू असतात, प्रत्येकाभोवती कापसाचा गोळा. त्यातून चालताना वाटतं, मी जागी नाहीये आणि त्यामुळेच सगळं सोपं आहे. पाय आपले चालतात. नव्यानं लावलेल्या झाडांना पाचवं पान आलं.

रात्रीला रात्र म्हणायचं हे कोण ठरवतं? मी ठरवते. बटण माझ्या हातात आहे. तरी ती झाडं माझ्यापेक्षा जास्त झोपतात.

१३ मार्च

एका कुंडीत कळी आली! रांगेतल्या सगळ्यांवर मी दिवा लावतेय, सगळी हिरवी ढिम्म, आणि कोपऱ्यातलं एकच झाड काही न ऐकल्यासारखं फुलायला लागलंय. मी सरांना ओढतच नेलं. त्यांनी हिरव्या दिव्यात वाकून पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "एक झाड म्हणजे काहीच नाही." पण कुंडीवरचा आकडा त्यांनी दोनदा लिहून घेतला.

मला आनंद झाला असणार. झाला पाहिजे. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि फोन काढला. कुणाला लावणार होते ते आठवेना. बोटानं नंबर निम्मा दाबलासुद्धा होता. मग लक्षात आलं आणि फोन खिशात ठेवला.

१८ मार्च

फूल आणलं बाबांसाठी. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, दाखवण्यासारखं काही नसतंच. त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"पांढरं किंवा जांभळं असतं," मी म्हटलं. "ओळखा बघू."

बाबा तळहात तोंडाजवळ नेऊन बसले. "जांभळं. पण गडद नाही. धुवून धुवून उतरलेलं."

"कसं ओळखलंत?"

"वासावरून."

त्याला वास नसतो. पण दोनांतलं एक सांगायचं म्हणजे निम्मा अंदाज बरोबर येणारच.

मग ते म्हणाले, "तुझ्या आईला कळवलं असतंस, नाही? पहिल्यांदा तिलाच."

मी म्हटलं, "चहा टाकते."

२४ मार्च

उद्या शेवटची तपासणी, मग समिती. पापुद्रेवाला दिवसभर प्रयोगशाळेतली भांडी धुवत होता. ती धुवायला माणूस आहे. संध्याकाळी येऊन बाबांसमोर बसला आणि त्यांच्याशी क्रिकेटवर बोलला. एक शब्द डोळ्याबद्दल नाही. जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो काढायचाच विसरला.

त्याला वाटतं त्याच्या हातून माझ्या बाबांचा शेवटचा उजेडही जाईल. बोलला नाही, पण मला कळतं.

२५ मार्च

सगळं नीट, झालं तसं लिहायचं आहे.

तपासणी संपली. पुन्हा धुकं. डॉक्टरबाईंनी कागद पुढे सरकवला, मी सही केली. आम्ही बाहेर आलो तर विणणाऱ्या बाई बाकावर होत्या. त्यांच्या मांडीवर लोकर होती, पण सुया पिशवीत.

बाबांनी विचारलं, "आज विणकाम नाही?"

"कशासाठी विणू?" त्या म्हणाल्या. "मुलानं आज सगळं विचारून घेतलं. तुमच्यानंतर कुणाला बसवणार नाहीत म्हणे. पहिल्याचा बिघडला, तुम्हाला दिसलं नाही. बंद करणार. मला मुलीचं पोर बघायचं होतं हो. कुणासारखं झालंय, सगळे वेगवेगळं सांगतात."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "हे खरंय?"

मी हातातले कागद नीट करत राहिले.

"आणि जावईबापूंचं काय होणार?"

"बाबा, घरी बोलू."

"काय होणार ते सांग."

मी सांगितलं. प्रयोगशाळा जाईल म्हणून. बाबा मटकन बाकावर बसले. मग मला हाताला धरून त्यांनी जवळ बसवलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी माझा हात चाचपला नव्हता. सरळ धरला होता.

"पोरी, मला दिसतंय."

"काय?"

"सगळं नाही. कडेला ओढल्यासारखं होतं. पण दिसतंय. बरेच दिवस झाले."

मला ऐकू आलं, पण अर्थ लागेना. विणणाऱ्या बाईंनाच आधी लागला. त्या "अगं बाई" म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मी ओरडले. भर दवाखान्यात, जिथे पाटी लावलीय शांतता राखा म्हणून. त्याची झोप उडाली होती, म्हटलं. तो भांडी धुवत होता, म्हटलं. या बाईंनी सुया पिशवीत टाकल्या. तुम्ही आमच्याशी खेळ केलात?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याच दिवशी सांगणार होतो," ते म्हणाले. "जेवताना. एकदम धुकं फाटलं आणि पलीकडे तू. इतक्या दिवसांनी तू. किती वाळलीस. मी तोंड उघडणार, तर बघतो, तू भात कालवतेयस आणि डोळ्यांतून धारा लागल्यात. आवाज नाही, हुंदका नाही. तोंडानं मला विचारतेयस, बाबा, अजून वाढू का?"

"ते दिव्यामुळे होतं. हिरव्या."

"तो दिवा आपल्या घरात कुठे आहे?"

मी शांततेच्या पाटीकडे बघत राहिले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "आत्ता बोललो तर ही डोळे पुसेल, हसेल, सगळ्यांना फोन करेल. आणि परत कधी मला दिसू देणार नाही. रोज म्हणायचो उद्या सांगू. रोज तू समोर बसायचीस आणि रोज तेच. समितीचं मला ठाऊक असतं तर..."

"तुम्हाला त्रास नको म्हणून नाही सांगितलं."

"हां," बाबा म्हणाले. "आपण दोघं एकाच ताग्यातलं कापड."

मग तेच उठले आणि आत गेले, माझा हात न धरता, दारापाशी जरा चुकून. डॉक्टरबाईंनी आधी त्यांना भरपूर सुनावलं. त्यांचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. "माझ्या हातात पेशंटचा शब्द असतो फक्त! त्यावर दहा माणसांचे डोळे ठरतात!" बाबा खाली मान घालून उभे. मग त्यांनी तक्ता लावला. बाबांनी वरून चार ओळी वाचल्या, पाचवीत अडखळले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सांगितलं.

बाहेर विणणाऱ्या बाईंना सांगायला मी गेले. त्यांनी माझा चेहरा चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाल्या, "रडून घे गं." मी म्हटलं, मी रडत नाहीये. त्यांनी आपली ओली बोटं माझ्या हातात ठेवली.

२५ मार्च, नंतर

पापुद्रेवाला आधी काही बोललाच नाही. आतल्या खोलीत गेला, दार लावलं. बाबा बाहेर उभे, शिक्षा झालेल्या मुलासारखे. दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि पहिला प्रश्न हा: "कडेला वलय दिसतं का? दिव्याकडे बघितल्यावर?"

"दिसतं. पिवळसर."

"आतल्या बाजूनं की बाहेरच्या?"

"आतल्या. जावईबापू, माफ करा मला."

"नंतर करतो," तो म्हणाला. "आधी वलयाचं सांगा." आणि कागद शोधायला धावला. मग स्वतःच थांबला, कारण नियमानं त्याला हे विचारताच येत नाही. आम्ही तिघंही हसायला लागलो. माझं हसणं थांबेना, शेवटी पोटात कळ आली.

२ एप्रिल

समितीनं प्रयोग चालू ठेवला. बाबांचं प्रकरण वेगळ्या शेऱ्यासह नोंदवलंय. शेरा काय आहे ते आम्हाला सांगत नाहीत, पण डॉक्टरबाईंच्या ओठांवर हसू होतं. विणणाऱ्या बाईंची तारीख पुढच्या महिन्यातली. पहिल्या गृहस्थांचा पापुद्रा बदलणार आहेत.

बाबा खिडकीत बसून येणाजाणाऱ्यांचे रंग सांगतात. "ती बघ, मोरपंखी म्हणून घेतलाय, दोन धुण्यांत करडा होणार."

मी अजून त्यांच्यावर चिडलेली आहे. त्यांच्यासमोर जेवायला बसले की मान खाली जाते. कुणीतरी माझ्या खोलीची काच काढून नेल्यासारखं वाटतं. पाणी यायचं बंद झालंय, अगदी एकदम. सरांनी आठवडाभर घरी बसवलंय. दिवस कसा लांबच लांब असतो हे मी विसरले होते.

९ एप्रिल

दुपार. पापुद्रेवाला आत वाचत होता. बाबा आणि मी बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो.

"एक विचारू?" बाबा म्हणाले.

"विचारा."

"तुझ्या आईचा चेहरा सांग मला."

मी घडी घालत राहिले.

"मला चाकाच्या खुर्चीवरून खाली आणलं होतं," ते म्हणाले. "डोळ्यांना पट्ट्या. हात दिला कुणीतरी माझ्या हातात, गार. तेवढंच. पाहिलं तू एकटीनं. आणि मी तुला कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर तुला सांगावं लागलं असतं."

मी म्हटलं, "काही विशेष नव्हतं. झोपल्यासारखी होती."

"झोपल्यासारखी सगळेच असतात. नीट सांग."

मग मी सांगायला लागले. गालावर उशीची घडी उमटली होती, डाव्या. तोंड थोडं उघडं, एखादा शब्द आठवत नसला की ती मधेच थांबायची तसं. एकाच कानात डूल. दुसरं परिचारिकेनं काढून माझ्या मुठीत दिलं होतं. एक भुवई जरा वर. आणि भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ आली होती, कारण तिला बाजारातला रंग कधी चालला नाही, बाबाच घरी कालवून लावायचे, आणि बाबा वरच्या मजल्यावर होते.

"केवढी रेघ?"

मी अंगठ्यानं बोटाचं अर्धं पेर धरून दाखवलं.

बाबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं. त्यांचा तो एक डोळा, वरचा पापुद्रा ओला, लकाकणारा, आणि त्यामागे बाबा.

"मी लावणार होतो," ते म्हणाले. "पिंप उडालं त्या आठवड्याच्या रविवारी."

आणि मला आवाज फुटला. असा आवाज माझ्या आत आहे हे मला ठाऊक नव्हतं. जनावरासारखा, लाज नसलेला. घडी घातलेले कपडे खाली पडले. पापुद्रेवाला आतून धावत आला. बाबांनी हात वर करून त्याला दारातच थांबवलं, आणि तो थांबला, आणि दाराला टेकून तिथेच खाली बसला. मी आई म्हणत होते. दीड वर्षात तो शब्द मी कुणाला हाक म्हणून वापरला नव्हता.

ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं. केव्हातरी माझा श्वास परत आला. बाबांनी मला त्यांचा रुमाल दिला, तोही पुरा ओला होता.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी नाक पुसलं आणि उशीच्या घडीपासून सुरुवात केली.